मारोतीपेक्षा मोठा जीव

समुद्रमास्तर पाणी पिण्याआधी पेला उजेडाकडे धरून आत डोकावायचे. लोकांना वाटे, हे आमच्या विहिरीला नावं ठेवतात. ते म्हणत, "नावं कसली ठेवतो? आत कोणी राहतं का, ते बघतोय."

खाडीकाठचा, म्हणून गावाने 'समुद्रमास्तर' नाव ठेवलेला हा कोकणी माणूस जऊळक्याच्या शाळेवर हेडमास्तर होऊन आला, तेव्हा मी तिथे दुय्यम शिक्षक होतो. बायको प्लेगात गेलेली, मूलबाळ नाही. "मला घर म्हणायला ही शाळाच," असं ते हसून सांगत. ते हसणं मला कधी खरं वाटलं नाही.

आमची बोली शिकायची त्यांना भारी हौस. एकदा म्हणाले, "वानराला तुमच्याकडे काय म्हणतात हो?" कौलांवर वानरं उतरली की आमच्या बाया 'मारोती आले' म्हणतात. मी सांगितलं, "मारोतीच म्हना, मास्तर. पोराईले लवकर समजते." घात माझ्याच तोंडून झाला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात सांगितलं, की परमुलखात बारमाही पावसाच्या रानात एक वानर असतं. त्याची आरोळी कोसभर जाते. ते फळं खातं, बिया टाकतं, त्यातून रान वाढतं. आणि समुद्रात एक जीव असतो, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा, मुका. पण सगळी मासळी शेवटी त्याच्यावरच पोसते. "वानर गेलं तर रान रोडावेल. हा गेला तर अख्खा समुद्र उपाशी मरेल. मग तुमच्या मारोतीपेक्षा हा किडाच मोठा, नाही का?"

संध्याकाळपर्यंत गाव पेटलं. पारावर सगळे जमले. पाटील म्हणाले, "काहून मास्तर, आमचा देव किड्याहून लहान हाय काय?"

"मी वानराबद्दल बोललो. शब्द इथलाच आहे, यांना विचारा."

सगळे माझ्याकडे वळले. मला त्याच गावात जन्म काढायचा होता. मी म्हणालो, "मले नाही आठवत."

मास्तरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ते शाळेकडे चालू लागले.

गावाने वर तक्रार केली आणि महिन्याभरात त्यांच्या मेळघाटात बदलीचा हुकूम आला. स्टेशनवर पोचवायला मी एकटाच गेलो. मी माफी मागू लागलो. ते म्हणाले, "तुम्ही घाबरलात, ते मला समजतं. पण माझी खात्री होती, तुम्ही बोलाल."

त्याच वर्षी तिकडच्या हिवतापात ते गेले. इतक्या वर्षांनीही त्यांची आठवण आली की मला माझी लाज वाटते. त्यांच्या जागी हेडमास्तर म्हणून नेमलं ते मलाच. मी नाही म्हणालो नाही.