श्रावणातली कुऱ्हाड

जानकी धुरीला शौक एकच. इस्पितळातली झाडलोट आटपून घाटकोपरच्या खोलीवर आली की जेवता जेवता एक खुनाचा सिनेमा. तोही जुन्या धाटणीचा, कमी पैशांत उरकलेला. रबराचा मुखवटा, पत्र्याची कुऱ्हाड आणि भिंतीवर कोकमाच्या लालभडक आगळासारखं उडणारं रगत. शेवटी उरलेली एकटी पोर तीच कुऱ्हाड उचलते आणि मुखवटेवाल्याला उभा चिरते. त्या घटकेसाठी जानकी बाकीचं सगळं सोसायची. इस्पितळातला मुकादम दिवसभर चारचौघांत तिला "ए म्हातारे" म्हणून हाकारायचा आणि ती खाली मान घालून फरशी पुसायची.

त्या दिवशी पोरीने कुऱ्हाड उचलली आणि जानकीच्या लेकाने, किरणने, नेमका टीव्ही बंद केला.

"आई, श्रावण आहे ना. घरात अंडं शिजत नाही आणि तू रक्त बघत बसतेस?"

जानकीचा भडका उडाला. "मेल्या, श्रावण तोंडाक असता, डोळ्यांक कधीपासून लागलो? मासळी सोडलंय, कोंबडी सोडलंय, शिव्या गिळतंय ता वेगळाच. आता ती पोर मारूक उभी रवली, तर तिका पण थांबवतस?"

"अगं, खोटं आहे ते सगळं."

"खोटा आसा म्हणान तरी मारता ती. खरा असता तर माझ्यासारखी गप रवली असती."

जानकीने किरणच्या हातातला रिमोट हिसकावला, सिनेमा पुन्हा लावला आणि आवाज शेजारपाजारी जाईल एवढा वाढवला. पहिला घाव बसला तशी ती दात खाऊन म्हणाली, "आणखी एक घाल गो."