जमिनीवरचा कॅमेरा

बहारीनच्या आमच्या मराठी मंडळाने हळदीकुंकवाचं शूटिंग एकदा मंडळातल्याच एका सिनेमावेड्या गृहस्थांवर सोपवलं, आणि माझ्या बायकोला त्यात फक्त स्वतःच्या साडीच्या निऱ्या बघायला मिळाल्या. गृहस्थांनी कॅमेरा सतरंजीवर ठेवला होता. कारण कुणा थोर जपानी दिग्दर्शकाचा कॅमेरा म्हणे कायम जमिनीलगत असायचा.

त्याचं नाव घेताना ते गवयासारखा कानाला हात लावत. "सगळी कारकीर्द त्यानं एकाच गोष्टीवर काढली. मुलगी घरातून जाते, बाप मागे उरतो. आज जगभरचे दिग्दर्शक त्याच्याकडून शिकतात." जगाचं मला माहीत नाही. आमच्या अध्यक्षबाईंनी मात्र त्यांच्याकडून कॅमेरा काढून घेतला.

परवा पाहुण्यांना सोडायला विमानतळावर गेलो, तर हे भर गर्दीत फरशीवर मांडी घालून बसलेले, हातात मोबाइल. मुलगी शिकायला कॅनडाला निघाली होती.

"बाबा, प्लीज गेट अप. एव्हरीवन इज लुकिंग."

"तू चाल गं. यल्ला, नीघ."

ती आत गेली, दिसेनाशी झाली. यांचा मोबाइल चालूच.

मी म्हटलं, "काका, खलास. गेली ती."

"माणूस गेल्यावरही तो जपानी रिकामी जागा दाखवत राहायचा," ते म्हणाले.

त्या रिकाम्या जागेतून लोकांच्या ट्रॉल्या चालल्या होत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी मोबाइल खिशात टाकला आणि माझ्यापुढे हात केला.

"जरा उठवा मला. बसायचं कसं ते त्यानं सगळ्या सिनेमांत दाखवलंय. नंतर उठायचं कसं, ते कुठंच नाही."