डोनलची दुनळी

गिरिजा मिरजेत डॉक्टर झाली आणि आयर्लंडमधल्या स्लायगोजवळच्या एका खेड्यात तिनं दवाखाना थाटला. इथली माणसं दुखणं बोलून दाखवत नाहीत, ‘ग्रँड’, म्हणजे झकास, म्हणून मोकळी होतात, हे ती पहिल्याच हिवाळ्यात शिकली. त्यामुळे झोपेच्या गोळ्या मागायला आलेला मेंढपाळ डोनल “बाकी सगळं ग्रँड,” म्हणाला, तेव्हा तिनं हातातलं पेन खाली ठेवलं.

त्याची बायको मेव्ह नुकतीच गेली होती. माणूस निम्मा झाला होता, अंगात कोट लोंबत होता.

“डोनल, जगणं नकोसं वाटतं का?”

तो खिडकीबाहेर बघत राहिला. “वाटतं. सकाळी जास्त.”

“घरात बंदूक आहे?”

“दुनळी आहे, लायसन्सची. इथं कुणाकडे नाही?”

“तुम्ही बरे होईपर्यंत ती दुसऱ्या कुणाकडे ठेवा.”

“आणि मोकाट कुत्री आली की मेंढ्यांपुढे मी काय हात जोडून उभा राहू?”

तिनं परोपरीनं समजावलं. तो ऐकेना. “मग मला पोलिसांना कळवावं लागेल,” ती म्हणाली. “तुमच्या माघारी नाही, तुम्हाला सांगून कळवतेय.”

तिनं लिहून दिलेली औषधाची चिठ्ठी खिशात कोंबून डोनल दार आपटून गेला. सार्जंट त्याच्या घरून बंदूक घेऊन आला आणि गावात दोन तट पडले. “बंदूक म्हणजे शेतकऱ्याचं अवजार. उद्या फावडीही नेतील!” पोस्टात कुणीतरी तिला ऐकू जाईल असं बोललं. एका म्हातारीनं मात्र तिचा हात घट्ट धरला. “माझ्या भावाला असं कुणी विचारलंच नाही हो,” एवढंच म्हणाली.

घरी नवरा, सलील, काळजीत होता. “तुझं चुकलं नाही, पण आपण इथं उपरे. लोक विसरत नाहीत.”

“नाही विसरले तरी चालेल. राग धरायला तो जिवंत तर राहील.”

कोकरं जन्मायच्या दिवसांत डोनल दवाखान्याच्या दारात उभा राहिला. “चला. बघायला चला.”

रानात कुंपणाला रक्ताळलेली लोकर अडकली होती. मेंढ्या जागोजागी फाडलेल्या. “दोन बार काढले असते तर कुत्री पळाली असती,” तो म्हणाला.

गिरिजा त्याच्याकडे वळली. “हे माझ्यामुळे झालं. पण आजही मी तेच केलं असतं.”

एक मेंढी अजून धापा टाकत होती. तिच्याकडे बघून डोनल म्हणाला, “शिवता येईल?”

“मी जनावरांची डॉक्टर नाही.”

“माणसांची तरी कुठं धड आहात?”

ती चिखलात गुडघे टेकून बसली. त्यानं मेंढीचं डोकं मांडीवर घेतलं, तिनं टाके घातले. तेवढा वेळ त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मेव्ह गेल्यावर तो रडलाच नव्हता, हे त्यानं तिथं सांगितलं.

त्या दिवसापासून शेजारी आपापल्या बंदुका घेऊन पाळीपाळीनं त्याचा कळप राखू लागले. डोनलनं औषध सोडलं नाही, डॉक्टर मात्र बदलला. पुढे त्या नव्या डॉक्टरच्या शब्दावर त्याची बंदूक परत मिळाली. ते कळलं त्या दिवशी गिरिजाला जेवण गेलं नाही.

अजूनही कामावर जाताना त्याच्या रानाशी ती गाडी हळू करते. तो दिसला की पुढे निघते. तो मान वर करत नाही.