आत जाणारं भंगार

आमची बेकरी परभणीच्या बाहेर, औद्योगिक वसाहतीत आहे. आधी भट्टी शहरातल्या गल्लीत होती. धुराचा शेजाऱ्यांना त्रास व्हायचा, ते तक्रार करायचे, आणि त्यांचं खरंही होतं. मग वसाहतीत प्लॉट घेतला. तिथं मला सगळ्यात जास्त आवडला तो प्रवेशाजवळचा मोठा नकाशा. पत्र्यावर रंगवलेला. सरळ रस्ते, खाण्यापिण्याचे कारखाने हिरव्या रंगात एका अंगाला, रसायनांचे तांबड्या रंगात पार दुसऱ्या टोकाला, मधे दुकानांची ओळ, बँकेची जागा आणि एक बाग. बाग काही झाली नाही, तिथं वेड्या बाभळी माजल्यात. पण बाकीचं बरंचसं नकाशाप्रमाणे उभं राहिलं. मी मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या गर्दीत वाढले. तिथं हळदीशेजारी रॉकेल आणि रॉकेलशेजारी गूळ. कुणीतरी आधी विचार करून प्रत्येकाची जागा ठरवली आहे, याचा मला फार आधार वाटायचा.

बेकरी मी बघायची. नवरा टेम्पोतून माल पोचवायचा आणि दुकानदारांशी बोलायचा. मदतीला एक मावशी होत्या. ट्रे धुणं, मैदा चाळणं, टोस्ट भरणं, सगळं त्या करायच्या. बोलायच्या कमी.

आमच्या शेजारचं शेड बरेच दिवस रिकामं होतं. एका उन्हाळ्यात ते एका माणसानं भाड्यानं घेतलं. बारीक चणीचा, पांढरे कपडे, बोलायला गोड. पहिल्याच दिवशी पेढे घेऊन आला. शेतीमालाचं गोदाम टाकतोय म्हणाला. त्यानं मला आपलं गाव लातूरकडचं सांगितलं होतं. पुढं वसाहतीच्या संघटनेचे अध्यक्ष बोलता बोलता म्हणाले, की तो नांदेडचा आहे. मी दुरुस्त केलं नाही, पण लक्षात ठेवलं. आपलं गाव कुठलं हे माणूस चुकून दोन ठिकाणी दोन सांगत नाही.

त्यानं पहिलं काम केलं ते कुंपणाची भिंत वाढवायचं. मग फाटकाला आतून पत्रा ठोकला. गोदामाला एवढा आडोसा कशाला, असं मी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, चोऱ्या होतात. आमच्याकडं तर कधी झाली नव्हती.

श्रावणात एका हॉटेलवाल्यानं टोस्ट परत पाठवले. औषधाचा वास येतोय म्हणाला. आमच्याकडं औषध म्हटलं की लोक पिकावर फवारायचंच समजतात, आणि त्यालाही तेच म्हणायचं होतं. मी एक टोस्ट मोडून नाकाशी धरला. वास होता. अगदी हलका, पण होता. त्या आठवड्यात मी प्रत्येक गोष्टीचा वास घेत सुटले. मैद्याच्या पोत्यांचा, तुपाच्या डब्यांचा, पाण्याच्या टाकीचा. मैदा देणाऱ्या व्यापाऱ्यावर शक घेतला आणि त्याच्याशी वाजलं. मग मावशींना विचारलं, ट्रे कशानं धुता? त्यांनी दोन्ही हात माझ्या नाकासमोर धरले. राखेचा आणि साबणाचा वास होता. मग त्या परत कामाला लागल्या.

वास कुठून येतो ते वाऱ्यानं सांगितलं. वारा शेजारून आला की वास यायचा, फिरला की जायचा. मी शेजाऱ्याकडं गेले. तो फाटकाबाहेर येऊन उभा राहिला आणि फाटक मागं ओढून घेतलं. थोडीशी बियाण्याची पोती आहेत, त्यांना लावलेल्या औषधाचा वास असेल, असं म्हणाला. हात जोडून माफी मागितली. दुसऱ्या दिवशीपासून आमच्याकडून खारी विकत घ्यायला लागला.

त्याच सुमारास मला तो तीनचाकी रिक्षा दिसायला लागला. भंगार गोळा करणाऱ्यांचा असतो तसा, मागं जाळी लावलेला. दुपारी सगळी वसाहत जेवायला बसली की तो यायचा. आता कारखान्यात भंगारवाला येणं यात नवल नाही. आमच्याकडंही यायचा, तेलाचे डबे आणि पुठ्ठे न्यायचा. पण इथं उलटं होतं. हा रिक्षा भरून आत जायचा आणि रिकामा बाहेर यायचा. पहिल्यांदा वाटलं आपली नजर चुकली. मग मी जेवणाची वेळ बदलली आणि खिडकीशी बसायला लागले. ताडपत्री बांधलेली असायची. जाताना रिक्षा वजनानं बसलेला, येताना उड्या मारत.

त्यानंतर काही दिवसांनी मी झरीला भावाकडं गेले. धाकटा भाऊ तिथं शाळेत शिकवतो आणि घरची शेती बघतो. ओट्यावर बसले होते तेव्हा गल्लीत भोंगा वाजला. तोच रिक्षा असेल असं म्हणत नाही, तसे पुष्कळ असतात. भावजय फवारणीच्या रिकाम्या बाटल्या घेऊन गेली. भंगारवाल्यानं एक एक बाटली फिरवून पाहिली. जिच्यावरचा कागद फाटला होता ती बाजूला टाकली. झाकणं कुठं आहेत, विचारलं. झाकणासकट असतील तर चांगला भाव देतो म्हणाला. वितळवायच्या प्लास्टिकला झाकण आणि कागद कशाला लागतो?

संध्याकाळी भावानं कपाशी दाखवायला शेतात नेलं. तो त्या वर्षी लय बेजार होता. नावाजलेल्या कंपनीचं औषध आणलं, दोनदा मारलं, अळी हलेना. त्यानं एक पान उलटं करून दाखवलं.

"अक्का, बघ. अंघोळ करून बसल्यावानी ताजी दिसायलीय," तो म्हणाला.

त्याला वाटत होतं, त्याचंच काही चुकलं. पाण्याचं प्रमाण चुकलं असेल, नाहीतर वेळ. दुकानदारानंही त्याला तसंच सांगितलं होतं. मी तेव्हा काही बोलले नाही. खात्री नव्हती. घरी आल्यावर मात्र नवऱ्याला सगळं सांगितलं: रिक्षा, झाकणं, वास, अळी. आपला शेजारी औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत काहीबाही भरून, नावाजलेल्या कंपन्यांच्या नावानं विकतोय. नवरा म्हणाला, आपण बिस्किटं विकणारी माणसं, आपल्याला हे झेपायचं नाही.

मी अध्यक्षांकडं गेले. ते सरकी तेलाच्या गिरणीचे मालक, वयानं मोठे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी त्यांना नकाशाची आठवण करून दिली. अन्नाच्या रांगेत औषध भरणारा कसा आला? ते म्हणाले, नकाशा प्लॉट वाटण्यापुरता असतो, पुढं कुणी काय करतं ते ज्याचं त्याला ठाऊक. परत येताना मी रस्त्यावरच्या प्रत्येक बंद फाटकाकडं बघत आले. पाट्या वाचत आले. अमुक उद्योग, तमुक ट्रेडर्स. इतकी वर्षं मी या रस्त्यानं जात होते, पण यातल्या निम्म्या शेडमधे काय बनतं ते मला सांगता आलं नसतं.

मग मी कृषी खात्याच्या कार्यालयात तक्रार दिली. आदल्या रात्री नवऱ्याला तसं सांगितलं होतं. तिथल्या साहेबांनी नीट विचारपूस केली आणि दोनच दिवसांत माणसं घेऊन आले. मी खिडकीतून बघत होते. फाटक सताड उघडलं. शेड झाडून धुवून लख्ख. एका कोपऱ्यात निंबोळी पेंडीची पोती रचलेली, देवाच्या फोटोला उदबत्ती. बाटली तर सोडाच, बूचसुद्धा नव्हतं. शेजाऱ्यानं साहेबांना चहा दिला. चहासोबत आमचीच खारी.

ते गेल्यावर तो आमच्या फाटकाशी आला. माझ्याकडं बघून हात जोडले, नेहमीसारखे.

कुणीतरी त्याला आधी सांगितलं होतं. कुणी, हा एकच विचार माझ्या डोक्यात राहिला. पहिल्यांदा संशय अध्यक्षांवर गेला. मग कार्यालयातल्या शिपायावर, कारण त्यानं मला दोनदा विचारलं होतं, प्लॉट कुठला. मग मावशींवर. मी त्यांच्यासमोर फोनवर बोलले होते, आणि त्यांचा जावई वसाहतीतच हमाली करायचा. मी त्यांच्यासमोर बोलणं बंद केलं. त्यांना ते कळलं. त्या डबा घेऊन बाहेर पायरीवर जेवायला बसायला लागल्या. अध्यक्ष रस्त्यात भेटले तर मी टेम्पोआड व्हायची. कुणाशी दोन शब्द बोलायचे तरी त्यातला कुठला भिंतीपलीकडं जाईल याचा अंदाज घ्यायची. कारखान्यांच्या त्या सरळ रस्त्यांवर मला प्रत्येक माणूस वळून बघतोय असं वाटायचं.

मग एक गोष्ट लक्षात आली. शेजारी मला हात जोडायचा, पण माझ्या नवऱ्याला नुसती मान हलवायचा. ओळखीच्या माणसाला हलवतो तशी. आणि नवरा त्या वेळी खाली बघायचा.

मी विचारलं नाही. विचारलं असतं आणि तो नाही म्हणाला असता, तर मला त्यावर विश्वास ठेवावा लागला असता. असे बरेच दिवस गेले. घरात आम्ही मैद्याचं, विजेचं, मुलीच्या क्लासचं बोलायचो. तो झोपला की मी त्याच्याकडं बघायची. या माणसाला मी किती ओळखते?

एका दुपारी वीज गेली. मिक्सर बंद पडला. मावशी बाहेर जेवत होत्या. नवरा दारातून त्यांच्याकडं बघत उभा होता. मग आत आला आणि म्हणाला, "मावशीवर शक घेऊ नको. मी सांगितलं त्याला."

मी कणीक झाकत होते.

"तू तक्रारीला जायच्या दिवशीच, सकाळी गेलतो," तो म्हणाला. "माल उचल म्हणलो. आमची बाई ऐकणारी न्हाई."

"का पण?"

"दिवसभर तू इथं एकटी असतीस. तो तिकडं. मधी नुसती एक भिंत हाय."

खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं. मावशी नव्हत्या. मग राग आला. मी त्याला विचारलं, माझ्या भावाच्या शेतात ती अळी आहे, तिचं काय? आणि मनात एक वाईट गोष्टही आली, की बदल्यात त्यानं शेजाऱ्याकडून पैसे तर घेतले नसतील? तो माझ्या चेहऱ्याकडं बघत होता. मनातलं ते त्याला दिसलं. तो म्हणाला, "विचार. जे मनात हाय ते विचार." मी विचारलं. तो नाही म्हणाला. मी विश्वास ठेवला, पण लगेच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मावशींचा डबा उचलून आत आणला आणि त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी आपल्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्याकडं सरकवली.

पुढच्या रविवारी नवराच म्हणाला, झरीला जाऊ. भावानं तोवर अर्धी कपाशी उपटून टाकली होती आणि रान हरभऱ्यासाठी तयार करत होता. नवऱ्यानं त्याला बांधावर उभं करून सगळं सांगितलं, काही न लपवता. भाऊ मातीचं ढेकूळ पायानं फोडत ऐकत राहिला. मग म्हणाला, "दाजी, आधी मला सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी तिसऱ्यांदा तेच मारलं." बस, एवढंच. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते पहिल्यांदा पाहिलं. भावानं त्याला घरी जेवायला थांबवलं, पण जेवताना तो माझ्याशीच बोलत होता. त्यांचं पूर्वीसारखं व्हायला पुढची दिवाळी उजाडली.

त्या सुगीनंतर भावानं गावातल्या लोकांना बाटल्या फोडून मगच भंगारात द्यायला सांगितलं. काहींनी ऐकलं. काहींना झाकणासकट बाटलीचा भाव सोडवेना.

शेजारी हिवाळ्यात गेला. भरदिवसा टेम्पो भरला, सगळ्यांचा निरोप घेतला. कुठं जाताय विचारलं तर कुणाला वसमत सांगितलं, कुणाला सेलू. कृषीचे साहेब पुढंही एकदा चौकशीला आले होते, पण रिकाम्या शेडमधे काय मिळणार? तो आज कुठंतरी आहे. कुणाच्या तरी शेजारी पेढे वाटत असेल.

शेड पुन्हा भाड्यानं गेलं. पूर्णेची एक बाई आली, शाळेची दप्तरं शिवायचं काम घेऊन. नवरा मला म्हणाला, या वेळी आपण आधीच जाऊन बघू. मला ते पटलं. आम्ही दोघं गेलो. फाटक उघडंच होतं. आत शिलाईच्या मशिनी, कापडाचे ताके, चेन लावत बसलेल्या चार बायका. मी ताक्यांमागं काय आहे ते मान वाकडी करून बघितलं. नवऱ्यानं कोपऱ्यातलं पिंप बघितलं. ती बाई हातातली कात्री तशीच धरून आमच्याकडं बघत होती.

"तुमी काय हुडकायलाव?" तिनं विचारलं.

शेजारी आहोत, सहज आलो, असं मी म्हणाले. तिनं पाणी दिलं, पण बसा म्हणाली नाही. आम्ही बाहेर पडलो तसं तिनं फाटक लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

महिनाभर ती नुसतं बघायची. मग एक दिवस आमच्या दारात आली आणि अर्धा किलो टोस्ट मागितले. मी पुडा दिला. तिनं तो तिथंच उघडला, एक टोस्ट काढला, नाकाशी धरला आणि शांतपणे वास घेतला. मग मोडून खाल्ला. मी उभी राहून तिचं होईपर्यंत थांबले.