तिसरी चिठ्ठी

माझ्या बहिणीचा नवरा हिऱ्यांचा रंग ठरवायचा. एकतीस वर्षं हेच काम. प्रयोगशाळेच्या राखाडी खोलीत, पांढऱ्या दिव्याखाली, अंगात राखाडी सदरा. सदरा रंगीत असला तर त्याची झाक खड्यावर पडते म्हणे. सवय इतकी लागली की हा माणूस लग्नकार्यातही राखाडीच घालून यायचा. ताई म्हणायची, "मी माणसाशी नाही, ढगाशी संसार करतेय."

भाऊजींचा जीव होता गुलाबी हिऱ्यात. पांढरे हवे तेवढे मिळतात, अस्सल गुलाबी हजारांत एक मिळेल तर शपथ. त्यात ज्या खाणीतून ते सगळ्यात जास्त निघायचे, तीही बंद पडली. "आता भाव चढतच जाणार," ते सांगायचे. "फक्त गुलाबीत तपकिरी झाक नको. ती आली की किमतीची माती."

त्या खोलीचा एक नियम होता. प्रत्येक गुलाबी खडा तिघांनी वेगवेगळा पाहायचा, शेरा चिठ्ठीवर लिहायचा आणि घडी घालून डब्यात टाकायचा. एकमेकांशी बोलायचं नाही. दोघांचं जुळेल ते खरं. शेवटच्या पाच-सहा वर्षांत भाऊजींची चिठ्ठी एकटी पडू लागली. ते लिहायचे 'शुद्ध गुलाबी', बाकीचे दोघे 'तपकिरी गुलाबी'. घरी येऊन चरफडायचे, "आजकालच्या पोरांना नजरच नाही. बघावं ते तपकिरी!" आम्ही माना डोलवायचो. त्यांच्या नजरेला नाव ठेवायची आमची काय टाप!

निवृत्त झाल्यावर त्यांनी फंडाची सगळी रक्कम आणि ताईचं सोनं घालून एका व्यापाऱ्याकडून एक खडा घेतला. पुरता मसुराएवढाही नव्हता. दोन वर्षं ठेवायचा आणि विकून घर घ्यायचं, असा बेत. ताईचा जन्म भाड्याच्या दोन खोल्यांत गेला. स्वयंपाकघराची खिडकी उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत. तिनं नव्या इमारतीतलं एक घर हेरून ठेवलं होतं. तिथल्या स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतं. त्या खिडकीचं माप घेऊन ती पडद्याचं कापडसुद्धा घेऊन आली.

"खड्याचा दाखला घेतलात ना?" मी विचारलं होतं.

"अरे, दाखले मी देतो. मला कोण देणार?"

माझं चष्म्याचं दुकान आहे. यंदा ते नंबर तपासायला आले. डोळ्यात दिवा धरून पाहिलं तर आतलं भिंग चहाच्या रंगाचं. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत, बरीच वर्षं मुरलेला. मी हात धुऊन मागे लागलो, ऑपरेशन करा म्हणून. माझी जीभ तेव्हाच का नाही झडली?

उजव्या डोळ्याची पट्टी निघाली तेव्हा ते खुदकन हसले. "अरे, ही भिंत पांढरी आहे! मी इतका वेळ पिवळी समजत होतो." मग हसू थांबलं. त्यांनी एक डोळा झाकून भिंत पाहिली, मग दुसरा झाकून पाहिली. पुन्हा पहिला.

"घरी चल," म्हणाले.

घरी येऊन त्यांनी कपाटातून खड्याची पुडी काढली. पांढऱ्या कागदावर खडा ठेवला आणि उजव्या डोळ्यानं बराच वेळ पाहिला. डावा डोळा तळहातानं घट्ट दाबून धरला होता. मग ताईकडे कागदाचा तुकडा मागितला, त्यावर काहीतरी लिहिलं, सवयीनं घडी घातली आणि तिच्या हातात दिली.

ताईनं घडी उघडून वाचलं, "तपकिरी गुलाबी. म्हणजे काय हो?"

"म्हणजे ती पोरं बरोबर होती. तपकिरी माझ्या डोळ्यातच मुरली होती, खड्यातली वेगळी कुठून दिसणार?"

"आणि घर?"

भाऊजींनी खडा परत पुडीत बांधला. मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी दया आली की मी उठून जिन्यात जाऊन रडलो. एकतीस वर्षं परक्यांच्या खड्यांना तीन जोडी डोळे लागले, आणि स्वतःच्या घराला या माणसानं एकच जोडी लावली.

तरी मी हट्टानं खडा त्यांच्याच जुन्या प्रयोगशाळेत नेला. तिथल्या तिन्ही चिठ्ठ्या जुळल्या. बाजारात पाचवा हिस्साही कोणी देईना. व्यापारी म्हणाला, "साहेबांनी स्वतः पाहून घेतला होता," आणि ते खोटं नव्हतं.

डाव्या डोळ्याची तारीख आली आणि गेली. "एक पुरे झाला," भाऊजी म्हणाले.

परवा गेलो तेव्हा ताई ते पडद्याचं कापड घेऊन बसली होती. भिंतीकडच्या खिडकीला ते हातभर लांब पडत होतं. भाऊजी दुसरं टोक धरून उभे होते.

"ताई, कापू नकोस," मी म्हणालो. "आत दुमडून शिव. पुढेमागे लागेल."

"कुठे लागणार आहे?" ती म्हणाली आणि तिनं कात्री चालवली.