हसू नका, तुम्ही सभासद नाही

लोखंडेबाई स्वतः कधी हसत नसत. आमच्या हास्य संघाच्या त्या संस्थापक आणि अध्यक्ष. नदीकाठच्या बागेत रोज सकाळी सहाला गळ्यात शिट्टी अडकवून त्या उभ्या राहायच्या आणि आम्हाला हसवायच्या; हसवायच्या म्हणजे हसायला लावायच्या. मुलींच्या शाळेत जन्मभर कवायत शिकवलेली. "हात वर! हा हा हा! दात दिसू देत. ज्यांना नाहीत त्यांनी हिरड्या दाखवा." एकदा कुणीतरी धीर करून विचारलं, बाई, तुम्ही का हसत नाही? त्या म्हणाल्या, "चौकातला पोलीस हात दाखवतो. तो स्वतः पलीकडे जातो का?"

मी या संघात आलो ते आई गेली त्या वर्षी. मला तेव्हा सगळ्याच गोष्टींचं वाईट वाटायचं. रिक्षावाल्याकडून सुटे पैसे मागून घेतले तरी दिवसभर रुखरुख लागायची. आईला जाऊन सहा महिनेही झाले नसताना बागेत उभं राहून खदाखदा हसायचं म्हणजे मला पाप वाटत होतं, आणि मी तसं बाईंना सांगितलंही. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अपराधी वाटतंय? वाटू द्या. ते घेऊनच तिसऱ्या रांगेत उभे राहा." महिन्याभरात त्यांनी मला चिटणीस करून टाकलं. "अपराधी माणूस हजेरी चोख घेतो," हे कारण.

पहिल्या रांगेत तांबोळीकाका असायचे. शनिवार पेठेत त्यांचं चपलांचं दुकान. त्यांचं हसणं इतकं मोठं, की पलीकडच्या बाकावरचे प्राणायामवाले उठून जागा बदलत. त्या काकांना रक्ताचा कॅन्सर निघाला. केस गेले, आले, काका पुन्हा पहिल्या रांगेत उभे राहिले. पण दर तीन आठवड्यांनी एक दिवस रुग्णालयात पडून इंजेक्शन घ्यायचं होतं, पुढची कित्येक वर्षं, आणि विमा नव्हता. "दोन इंजेक्शनांत स्कूटर गेली," काका म्हणाले. "बरं झालं म्हणा, डॉक्टरांनी चालायलाच सांगितलंय." आम्ही हसलो. मग ते तितक्याच सहजपणे म्हणाले, की आता दोन महिने इंजेक्शन घेणार नाहीत, बघू काय होतं.

बाईंनी शिट्टी वाजवली. "बघू काय होतं म्हणजे? तुम्ही काय भात शिजत घातलाय?"

दुसऱ्या दिवसापासून बाई, काका आणि मी अशी आमची विमा कंपन्यांची यात्रा सुरू झाली. प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर. एका कंपनीतल्या बाईंनी तर फार हळुवारपणे सांगितलं, "काका, तुम्हाला कॅन्सर आहे ना."

"ते आम्हाला कळवलंय डॉक्टरांनी," लोखंडेबाई म्हणाल्या. "तुम्ही विमा देता कुणाला? ज्यांना काही होणार नाही त्यांना? मग छत्र्याही फक्त उन्हाळ्यात विकत असाल."

शेवटी एका कार्यालयात एका तरुण अधिकाऱ्यानं, देशमुखनं, दार ओढून घेत सांगितलं की एक वाट आहे. गटाचा विमा. त्यात आधीपासूनचा आजार धरतात, हप्ताही सगळ्यांना सारखाच पडतो. गटात कायम निदान वीस माणसं हवीत, एक जरी घटलं तर विमा बंद. मात्र तो गट विमा मिळवायला काढलेला नसावा. आधीपासूनचा, दुसऱ्याच कशासाठी तरी असावा.

"तुमचा गट कशासाठी आहे?"

"हसण्यासाठी," बाई म्हणाल्या.

देशमुखला हसू आवरेना.

"हसू नका," बाई म्हणाल्या, "तुम्ही सभासद नाही."

तो ओशाळला. म्हणाला, नियमाप्रमाणे मला सकाळी येऊन पाहावं लागेल. बाई म्हणाल्या, "सहाला. सहा म्हणजे सहा."

ही बातमी बाहेर कशी फुटली कोण जाणे, पण आठवड्याभरात बागेत गर्दी झाली. आयुष्यात कधी न हसलेली माणसं नाव नोंदवायला आली. गुडघेवाले, मधुमेहवाले, एक तर थेट चष्म्याचा नंबर वाढला म्हणून. मला ते पटत नव्हतं, पण हजेरीत मीच त्यांची नावं घातली. बाईंना एकदा म्हणालो, की हे लोक खरे सभासद नाहीत. "तुम्ही तरी कुठे पहिल्या दिवशी हसला होतात?" एवढंच त्या म्हणाल्या.

पाहणीच्या दिवशी देशमुख सहाला पाच मिनिटं कमी असताना हजर. बाईंनी शिट्टी फुंकली. "हात वर! हा हा हा!"

कुणालाच हसू येईना. इतकी वर्षं जे पोटातून आपोआप निघायचं, ते कुठे गेलं समजेना. तांबोळीकाका तर घशात काटा अडकल्यासारखे "हा... हा..." करत होते. नव्या लोकांचा आवाज म्हणजे दातांच्या दवाखान्यातला. चष्म्याच्या नंबरवाले गृहस्थ डोळे मिटून, हात जोडून उभे, जणू आरती चाललीय. देशमुखनं आधी बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "चिटणीस आपणच ना? हे सगळे जुने सभासद?"

खोटं बोलायचं मी घरून ठरवून आलो होतो. पण माझं तोंड उघडलं आणि खरंच बाहेर पडलं. "नाही साहेब. त्या मागच्या दोन रांगा गेल्या पंधरवड्यात आल्या. विम्यासाठीच." मागच्या दोन रांगांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की तिथंच थांबायला हवं होतं. पण एकदा सुरुवात झाली की मला थांबता येत नाही. "आणि साहेब, खरं सांगायचं तर मीसुद्धा... म्हणजे मी चिटणीस आहे, पण मी चार वर्षांत एकदाही खरं हसलेलो नाही. मी नुसता आवाज काढतो."

काकांचं इंजेक्शन मी माझ्या हातानं बुडवलं, एवढंच मला दिसत होतं.

"अहो," तांबोळीकाका कळवळून म्हणाले, "मग मला तरी सांगायचं! मी मागे वळून तुमच्याकडे बघून हसतो."

"मी काकांकडे बघून हसते," दुसऱ्या रांगेतून आवाज आला.

आणि तेव्हा एक विचित्र आवाज झाला. थंडीत जुनी स्कूटर सुरू करताना होतो तसा, आधी दोनदा नुसताच खोकला, मग एकदम भडका. सगळ्यांनी वळून पाहिलं. लोखंडेबाई हसत होत्या. शिट्टी त्यांच्या ओठांतच राहिली होती, त्यामुळे प्रत्येक हसण्याबरोबर तीही वाजत होती. हा, पीऽऽ, हा हा, पीऽऽ. शिट्टी वाजली म्हणून सवयीनं आमचे हात वर गेले, आणि ते बघून बाई आणखी हसल्या. मग काकांचा बांध फुटला, मग सगळ्यांचा. देशमुख कागद छातीशी धरून चक्क खाली हिरवळीवर बसला. मी हसलो का? हसलो. आईच्या आठवणीसकट हसलो.

मागच्या दोन रांगा देशमुखनं खोडल्या. वीसच उरले. महिन्याभरात कागद झाले आणि तांबोळीकाकांचं इंजेक्शन चुकायचं थांबलं. खोडलेल्या माणसांपैकी गुडघेवाले मला अजून मंडईत दिसतात. मी रस्ता बदलतो.

पुढे बाई मुलीकडे हडपसरला राहायला गेल्या. आम्हाला वाटलं, आता एकोणीस झालो. दुसऱ्या दिवशी सहाला त्या शिट्टीसह हजर. पहिल्या बसनं आल्या होत्या. अशा त्या तीन वर्षं आल्या, उन्हात, पावसात, गुडघ्याला पट्टा बांधून. आणि हसणं? पुन्हा कधीच नाही. "एकदा परीक्षेला हसले, पुरे झालं."

मग त्या आजारी पडल्या. मी भेटायला गेलो तर म्हणाल्या, "चिटणीस, मी गेले की एकोणीस होतात." मला रडू फुटलं. "रडू नका, ते आपल्या नियमावलीत नाही. त्या देशमुखला विचारा. त्यानं विम्याची नोकरी सोडलीय, हिंजवडीत असतो आता. हसतो बरा. फक्त वेळेवर यायला सांगा."

बाईंना पोचवून आलो त्याच्या दुसऱ्या सकाळी आम्ही नेहमीच्या जागी उभे होतो. शिट्टी तांबोळीकाकांच्या गळ्यात होती. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. सहा वाजून गेल्यावर देशमुख धापा टाकत आला, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, पाठीवर पिशवी.

"उशीर," तांबोळीकाका म्हणाले. "तिसरी रांग. दात दिसू देत. हात वर!"

मी त्या दिवशी नुसता आवाज काढला. पण हजेरी घेतली. वीस भरले. काकांचं पुढचं इंजेक्शन गुरुवारी होतं.