थरथरणारी लाल गाडी

थेरगावच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एक गृहस्थ राहतात. चाकणच्या कंपनीतून शिफ्ट संपवून आले, की कपडे न बदलताच आपल्या जुन्या लाल स्पोर्ट्स कारखाली शिरतात. त्यांचं बोलणं "काय राव"ने सुरू होतं.

इंजिन ज्या रबरी माउंटवर बसतं, ते झिजले तेव्हा त्यांनी नवे आणले नाहीत. जुनं रबर खरवडून काढलं आणि लोखंडी कड्यांत घरीच पॉलियुरेथेन ओतलं, रबरापेक्षा कडक होणारं. ते कालवलं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. रविवारी गाडी सुरू केली, तर आरसे थरथरले, दारं खडखडली.

"फार कडक झालेत," मी म्हणालो. त्यांचा बेत फसला, याचं मला मनातून बरंच वाटलं.

"काय राव, आता कुठं गाडीत बसल्यासारखं वाटतंय!" ते हसले आणि माझ्या बायकोकडे वळले. "वहिनी, बसा, एक चक्कर मारून येऊ."

डांगे चौकाला वळसा घालून ती परतली, तेव्हा तिला हसू आवरत नव्हतं. "अहो, दात वाजत होते माझे!"

माझ्या गाडीच्या सर्व्हिसिंगची तारीख फ्रिजवर लावलेली असते आणि ती कधी चुकत नाही. गाडी इतकी शांत चालते, की डांगे चौक यायच्या आत हिला झोप लागते.